सरोजाअक्कांचा डोंगर आणि उपेंद्ररावांची गाडी

उपेंद्र बेलसरे यांच्याकडे जेवायला जाणाऱ्याने खुर्चीवर बेताने टेकावं. खुर्ची मोडेल अशी भीती नाही. पण ती जरा जरी डुगडुगली, तर उपेंद्रराव पाहुण्याला उठवतात, खुर्ची उलटी करतात आणि आमटी निवेपर्यंत तिच्या पायांचे सांधे चाचपत बसतात. त्यांच्या बायकोने, हेमलताबाईंनी, यापुढे केव्हाच हात टेकले. त्या पाहुण्याला सरळ सतरंजीवर बसवतात.

दोष नोकरीचा. ऐन विशीत कराडहून मद्रासला येऊन ते शहराबाहेरच्या संरक्षण कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथे अवजड गाड्यांची चाकं आणि स्टिअरिंग तपासत राहिले. चाक दोन्ही हातांनी धरायचं आणि हलवायचं. सांधा घट्ट असेल तर चाक गप्प राहतं, झिजला असेल तर किंचित डुलतं. त्या डुलण्याला कारखान्यात प्ले म्हणत. बोटाला जेमतेम जाणवेल एवढा प्ले निघाला तरी उपेंद्रराव गाडी परत पाठवायचे. मग वरून कितीही फोन येवोत, हा गृहस्थ जागचा हलायचा नाही.

निवृत्त झाल्यावर या गुणाचं करायचं काय, हा प्रश्न अख्ख्या सोसायटीला पडला. अण्णा नगरातली त्यांची सोसायटी जुनी, त्यामुळे फाटकाची बिजागरी, लिफ्टचं दार, जिन्याचा कठडा, सगळंच थोडं थोडं हलणारं. उपेंद्रराव रोज सकाळी फेरी काढायचे आणि सेक्रेटरींच्या घरची बेल वाजवायचे. शेवटी सेक्रेटरींनी हेमलताबाईंना गाठून हात जोडले. हेमलताबाईंनी लेकीला, ऊर्मीला, फोन केला. ऊर्मी सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने बापाच्या वाढदिवसाला एक खोकं पाठवून दिलं.

खोक्यात रिमोटवर चालणारी ट्रकगाडी होती. सव्वावीत लांब, जाड खडबडीत टायरांची. असल्या गाडीला क्रॉलर म्हणतात. ती पळत नाही, मुंगीच्या चालीने दगडधोंड्यांवर चढते. उपेंद्ररावांनी नाक मुरडलं, या वयात खेळणं कसलं देतेस म्हणून लेकीला ऐकवलं, आणि पुढची दोन बोटं नकळत गाडीच्या पुढच्या चाकाकडे गेली. चाक डुललं. झालं, माणूस गुंतला.

महिन्याभरात ते दर रविवारी ओरगडमच्या बाजूला जायला लागले. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यांतले तरुण इंजिनीअर एका नर्सरीमागच्या खडकांवर आपापले क्रॉलर घेऊन जमत. उपेंद्रराव प्रत्येकाच्या गाडीचं चाक हलवून बघत आणि प्रत्येकाला काही ना काही सांगत. चाक हलवायचं, त्यामागचा सांधा बघायचा, मग दांडी, मग दांडी जिथे अडकवली आहे ते टोक. जे हलतंय आणि जे हलत नाहीये, त्या दोघांच्या मधोमध दुखणं. पोरं ऐकून घेत, कारण म्हाताऱ्याचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि हेमलताबाई डब्यात साबुदाण्याचे वडे देत.

आता सरोजाअक्का.

सरोजाअक्का तळमजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्या तंजावरच्या मराठ्यांपैकी, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच, पण ती जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी आणि तमिळ हेलात बोललेली. बेलसरे नवराबायको नवीन होते तेव्हा याच अक्कांनी त्यांना भाजीवाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करायला शिकवलं होतं. उपेंद्ररावांना त्या तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. सत्तरीला टेकलेल्या माणसाला तंबी म्हणणारं आता कुणी उरलेलं नसतं, म्हणून उपेंद्ररावांना त्या हाकेचं फार सुख.

नवरात्रात अक्कांच्या घरी गोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर देवांच्या, राजांच्या, भाजीवाल्यांच्या बाहुल्या, आणि समोर मातीचा डोंगर. डोंगराच्या माथ्यावर मुरुगनाचं, म्हणजे कार्तिकेयाचं, इवलंसं देऊळ. सगळ्यात मानाची जोडी मरप्पाची बाहुल्यांची, म्हणजे तांबड्या चंदनाच्या लाकडाचे राजा आणि राणी. ही जोडी लग्नात मुलीला माहेरून मिळते. अक्कांची त्यांच्या आईची, आईची तिच्या आईची. त्या घरचा रिवाज असा, की नवमीच्या संध्याकाळी ही जोडी डोंगर चढून देवळाला जायची. अक्कांचे यजमान रघुराम गोलूच्या मागे बसून दोरा ओढत आणि जोडीचा छोटा गाडा हळूहळू वर जाई. शेजारपाजारच्या बायका सुंडलचे, म्हणजे खोबरं घातलेल्या उसळीचे, द्रोण हातात धरून बघत.

रघुराम दोन वर्षांपूर्वी गेले. मागल्या वर्षी अक्कांनी गोलू मांडलाच नाही. या वर्षी मांडायचा ठरला, पण हा शेवटचा. दसरा झाला की त्यांचा मुलगा मुरली त्यांना बेंगळुरूला नेणार होता, घर भाड्याने जाणार होतं. बाहुल्या कुणाकुणाला द्यायच्या ते अक्कांनी ठरवून टाकलं होतं. फक्त मरप्पाची जोडी त्या बरोबर नेणार होत्या.

हे सगळं अक्का गवारीच्या शेंगा मोडता मोडता सांगत होत्या आणि हेमलताबाईंचे डोळे भरून येत होते. दोरा आता कोण ओढणार, या वर्षी जोडी खालीच बसेल, असं अक्का म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, पाऊस नाही आला तर छत्री घरी राहील अशा सुरात. उपेंद्ररावांच्या छातीत काहीतरी हललं. ते बोलून गेले की अक्का, जोडी चढेल, आणि दोऱ्याशिवाय चढेल, ते माझ्याकडे लागलं.

शब्द गेला. मग माणसाची झोप उडाली.

डोंगर त्यांनी स्वतः रचला. विटा, गोणपाट आणि लाल माती, कराडला दिवाळीत किल्ला करायचे तसा. अक्का बघायला आल्या आणि डोंगराला बुरूज कशाला म्हणून विचारू लागल्या. हात सवयीने वळला होता, इलाज नव्हता. अक्कांनी एक बुरूज राहू दिला, बाकीचे मोडायला लावले. डोंगर खाटेएवढा पसरल्यामुळे अक्कांचा दिवाण आणि दोन खुर्च्या उचलून बेलसऱ्यांकडे नेऊन ठेवाव्या लागल्या. देवाला उजवी घालत, म्हणजे डोंगर कायम उजव्या हाताला ठेवत, वळसा घेत वाट माथ्यावर जायची. वाट गाडीपेक्षा जेमतेम चार बोटं रुंद.

आणि गाडी भटकायची. खडकांवर पुढची चाकं थोडी डुलली तर कुणाचं बिघडत नाही, पण इथे एका बाजूला कडा आणि पाठीवर अक्कांच्या आजीपासून चालत आलेली जोडी. सरळ चालवली तरी गाडी झिंगल्यासारखी डावी-उजवीकडे जाई. उपेंद्ररावांनी चष्मा चढवला आणि टोकापासून सुरुवात केली. चाक ज्यावर वळतं त्या सांध्यातली बुशं, म्हणजे आतली बारीक कडी, झिजलेली निघाली. बदलली. दांडीच्या टोकाची गोळी सैल होती. बदलली. तरी चुटपुट राहिली म्हणून पातळ वॉशर घातले, मग आणखी एक घातला, मग सगळे स्क्रू आवळले. प्ले शून्य. कारखान्यात असता तर सही ठोकून दिली असती.

रिमोटवर उजवीकडे वळवली, चाकं वळली आणि तिथेच राहिली. सरळ होईनात. स्टिअरिंग फिरवणारी मोटर, सर्व्हो म्हणतात तिला, काडेपेटीहून लहान असते. ती बिचारी माशीसारखी गुणगुणू लागली आणि तापली. उपेंद्ररावांनी कपाळाला हात लावला. जन्मभर ढिलेपणाशी भांडलेल्या माणसाने सांध्याला हलायलाच जागा ठेवली नव्हती. हेमलताबाई चहा ठेवताना म्हणाल्या की गाडी अगदी तुमच्यावर गेली. ते चिडले, चहा प्यायले आणि एकेक वॉशर काढत बसले. चाक सुखाने वळेल, पण हातात धरलं तर डुलणार नाही, असा तो मधला बिंदू सापडायला पुढचे चार-पाच दिवस गेले. सापडला तेव्हा त्यांनी रात्रीच्या जेवणात दोनदा भात घेतला.

नवमीची सकाळ उजाडली. चेन्नईत या दिवशी आयुधपूजा. रिक्षावाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे आपापली हत्यारं धुऊनपुसून देवापुढे मांडतात, चंदन-कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. आपल्याकडची खंडेनवमीच ती, फक्त इथे थाट मोठा. उपेंद्ररावांनी कारखान्यात हा दिवस डोळ्यांत तेल घालून पाळला होता. साहेब आला तरी पान्हा मिळायचा नाही.

ते गाडीचं शेवटचं काम करत होते. सर्व्होच्या आसावर दातांत बसवलेला एक छोटा हात असतो, तोच पुढे चाकांची दांडी ढकलतो. त्या हाताचा स्क्रू पुन्हा बसवून त्यांनी हलकेच फिरवला होता, घट्ट आवळायचा बाकी होता. तेवढ्यात हेमलताबाई ताम्हण घेऊन आल्या, वेळ झाली, हत्यारं द्या म्हणाल्या. उपेंद्ररावांनी स्क्रूड्रायव्हर पुसला आणि देऊन टाकला. स्क्रूचं मनात होतं. मग नारळ फोडायची गडबड झाली आणि मनातून गेलं. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं तर त्यांनी त्याला फैलावर घेतलं असतं.

पूजेला गाडीही होतीच. हेमलताबाईंनी तिच्या टपावर चंदनाचं बोट लावलं, कुंकू लावलं, आणि खाली सरोजाअक्कांनी लिंबं मागवली. आयुधपूजेला वाहनाच्या चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडत पुढे जायचं, त्याशिवाय दृष्ट निघत नाही. अख्ख्या रस्त्यावर स्कूटरी, बसगाड्या लिंबं चिरडत होत्या, मग या गाडीने काय घोडं मारलं होतं? उपेंद्ररावांनी बारकी लिंबं निवडून पुढच्या चाकांसमोर ठेवली आणि रिमोट दाबला. लिंबू चाकाच्या निम्म्या उंचीचं. क्रॉलरचा धर्म चढण्याचा, चिरडण्याचा नव्हे. गाडी इमानाने एका लिंबावर चढली, लिंबू सटकलं आणि दुसऱ्या चाकामागे दांडीत जाऊन अडकलं. ते निघावं म्हणून उपेंद्ररावांनी स्टिअरिंग जोरात फिरवलं. कट्‌ असा बारीक आवाज आला.

तो आवाज त्यांना कळला. लिंबू काढून बघतात तो पुढची दोन्ही चाकं डावीकडे तोंड वळवून बसलेली. सैल स्क्रूमुळे सर्व्होचा हात दातावरून घसरला होता. रिमोटवरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा चाकं कशीबशी सरळ झाली, पण उजवीकडे वळायला जागाच उरली नाही. आणि वाट तर देवाला उजवी घालणारी, सतत उजवं वळण घेणारी.

अक्का समोर उभ्या होत्या. गाडीला बरं आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. उपेंद्रराव हो म्हणाले आणि गाडी उचलून वर घरी आले.

देवघरात स्क्रूड्रायव्हर चंदनाचा टिळा लावून सरस्वतीच्या पायाशी पडला होता. एक स्क्रू, अर्ध्या मिनिटाचं काम. उपेंद्रराव त्याच्याकडे बघत राहिले. हेमलताबाई म्हणाल्या, घ्या, देवी काही बोलणार नाही, मी तिला समजावते. ते मान हलवत राहिले. देवीच्या रागाचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. ज्या दिवशी आपण साऱ्या कारखान्याला हात लावू दिला नाही, त्या दिवशी आपल्याच चुकीसाठी आपणच हात लावायचा, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. सुरीचं टोक चालेल असं हेमलताबाईंनी सुचवलं. ज्याने स्क्रू फिरेल ते आज आयुधच, असं उत्तर आलं. हेमलताबाईंनी मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळ व्हायला आली. खाली बायका जमायला लागल्या होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज जिन्यातून वर येत होता. उपेंद्रराव दिवाणखान्यात टीपॉयभोवती गाडी फिरवत होते. पुढे घेतली की ती टीपॉय डाव्या हाताला ठेवून वळायची, म्हणजे नेमकी उलटी प्रदक्षिणा. त्यांचा चेहरा इतका उतरला की हेमलताबाईंना राहवलं नाही. त्या जवळ येऊन बसल्या. घरातली मोटार त्याच चालवतात, उपेंद्ररावांकडे लायसन आहे एवढंच. सोसायटीच्या बोळातून रोज मोटार मागे घेत काढणाऱ्या बाईने त्या डाव्या चाकांकडे थोडा वेळ बघितलं.

"अहो, मागे घ्या की," त्या म्हणाल्या. "चाकं डावीकडे असू दे. नुसती रिव्हर्स घ्या."

उपेंद्ररावांनी घेतली. गाडी मागच्या अंगाने निघाली आणि जायच्या दिशेने बघता टीपॉय उजव्या हाताला ठेवून सुरेख वळत गेली. त्यांनी पुन्हा एक फेरी घेतली. प्ले असता तर उलटं जाताना चाकांनी वाट्टेल तिकडे माना टाकल्या असत्या, पण तो त्यांनी काढला होता, चाकं धरल्या जागी धरून राहिली. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि आपल्या संसारात स्टिअरिंग कुणाकडे असायला हवं होतं हे त्यांना कळलं, निदान त्या संध्याकाळपुरतं.

खाली खोली भरली होती. समया लावल्या होत्या, मोगऱ्याचा आणि सुंडलच्या फोडणीचा वास एकमेकांत मिसळला होता. नवी नऊवारी साडी नेसून सरोजाअक्का डोंगरापाशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी स्वतः मरप्पाची जोडी उचलून गाडीच्या मागच्या हौद्यात बसवली, जरीच्या पट्टीने बांधली. दोघांची तोंडं गाडीच्या नाकाकडे, जशी कुठल्याही गाडीत बसणाऱ्यांची असतात.

उपेंद्ररावांनी गाडी डोंगराकडे पाठ करून ठेवली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की गाडी उलटी चढणार म्हणजे राजा-राणीही उलटेच जाणार, देवळाकडे पाठ करून. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांना सगळं सांगणं आलं. लिंबू, स्क्रू, आपली चूक, सगळं त्यांनी भराभर सांगितलं आणि जोडीचं तोंड फिरवून बसवावं म्हणून ते जरीची गाठ सोडायला वाकले.

अक्कांनी त्यांचा हात धरला.

"वेण्डाम, तंबी. फिरवूं नको," त्या म्हणाल्या. वेण्डाम म्हणजे नको. "हे दोरा ओढीत, तेव्हां दोघं आम्हांकडे पाठ करून जात. दर वर्षी पाठ. मला तें कधीं आवडलें नाहीं, पण यांना सांगायचें राहून गेलें." मग म्हणाल्या, "जायचें तर असेंच जावें. मागें बघत."

उपेंद्ररावांना एकदम भरून आलं, चष्म्याची काच पुसायला हवी होती पण दोन्ही हातांत रिमोट होता. त्यांनी अंगठा हलकेच मागे ओढला.

गाडी निघाली, मुंगीच्या चालीने. राजा आणि राणी सगळ्यांकडे बघत बघत मागे मागे जाऊ लागली. पहिल्या वळणावर मागचं चाक कड्याच्या काठाला आलं, एका बाईने श्वास आत ओढला, उपेंद्ररावांनी केसभर सरळ केलं आणि गाडी आत आली. डोंगराला उजवी घालून जोडी पलीकडे दिसेनाशी झाली, नुसता मोटरचा घुरघुराट. मग दुसऱ्या बाजूने वर, थोड्या उंचावर, पुन्हा आली. त्या एका उरलेल्या बुरुजापाशी वाट सगळ्यात अरुंद होती, तिथे गाडी क्षणभर तिरकी झाली. चाकं मात्र डुलली नाहीत. आणखी अर्धा वळसा, आणि ती देवळाच्या दाराशी जाऊन थांबली. माथ्यावरून दोन तांबूस चेहरे खालच्या खोलीकडे बघत होते. बायकांकडे, समयांकडे, आवराआवरीत रिकाम्या होत चाललेल्या भिंतींकडे.

सरोजाअक्कांनीही त्यांच्या नजरेच्या वाटेने सगळी खोली एकदा बघून घेतली. रघुरामांचा फोटो, स्वयंपाकघराचं दार, खिडकी. मग त्यांनी हात जोडले. मुरुगनाला जोडले की घराला, कुणाला सांगता यायचं नाही. आपल्याकडे जाणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, तमिळमध्येही म्हणत नाही.

"येतें हं," त्या म्हणाल्या.

जोडीच्या वतीने म्हणाल्या असतील असं वाटून काही बायकांनी मान हलवली. उपेंद्ररावांना मात्र कळलं. रिमोट खाली ठेवून ते त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "या, अक्का."